दोन अक्षरे, तीन अर्थ



औषधाच्या चिठ्ठीवरील ‘ओडी’ ही अक्षरे साधी दिसतात. परंतु त्यांचा अर्थ एकच नाही. गोळीपुढे ती ‘दिवसातून एकदा’ असे सांगतात. नेत्रचिकित्सेत तीच लॅटिन ‘ऑक्युलस डेक्स्टर’, म्हणजे उजवा डोळा, दर्शवितात. अन्यत्र त्यांचा अर्थ औषधाचे अतिसेवन असाही होतो.

दुखणे डाव्या डोळ्याचे असताना थेंबांपुढे केवळ ‘ओडी’ लिहिले, तर औषध भलत्याच डोळ्यात पडण्याचा धोका संभवतो.

औषधांची नावे सुवाच्य लिहावीत, असा नियम भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ मध्ये केला. तीच दक्षता सूचनांबाबतही हवी. ‘दिवसातून एकदा, डाव्या डोळ्यात’ एवढे मराठीत लिहिले, तरी संभ्रम टळतो. चिठ्ठी हाती घेतानाच अर्थ विचारून घ्यावा, हे शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी गावकऱ्यांना आवर्जून सांगावे. विचारण्यात कमीपणा नाही. न विचारण्यात मात्र धोका आहे.