अपोलोचा संगणक ओवणारे हात

रेथिऑन म्हटलं की क्षेपणास्त्रं आणि रडार डोळ्यांपुढे येतात. १९२२ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात ही कंपनी निघाली, ती मात्र नव्या तऱ्हेचा फ्रीज बनवायला! नावही तेव्हा निराळं होतं. फ्रीज काही जमला नाही. घरातल्या विजेवर रेडिओ चालवता येईल अशा एका नळीने कंपनीला तारलं आणि महायुद्धातल्या रडारच्या नळ्यांनी तिला मोठं केलं. पण मला सांगायचं आहे ते तिने अपोलो मोहिमांसाठी केलेल्या कामाविषयी.

यानाला वाट दाखवणारा संगणक एमआयटीच्या प्रयोगशाळेने आखला आणि रेथिऑनने वॉल्थॅम गावी घडवला. वजन सुमारे ३२ किलो. त्यातले प्रोग्रॅम चक्क ओवलेले होते. बारीक चुंबकीय कड्या, त्यांतून जाणारी तांब्याची तार. तार कडीतून गेली तर १, बाहेरून गेली तर ०. छिद्रं पाडलेल्या पट्टीच्या हुकमाने यंत्र नेमकी कडी समोर आणायचं आणि कामगार बाई सुईने तार पलीकडे द्यायची. वॉल्थॅम हे घड्याळांचं जुनं गाव. घड्याळांच्या आणि कापडाच्या कारखान्यांत नजर नि बोटं तयार झालेल्या बायका या कामाला मिळाल्या. इंजिनिअर मंडळी गमतीने याला 'म्हाताऱ्यांची मेमरी' म्हणत. मला ती थट्टा रुचत नाही. एक तार चुकीची गेली तर चंद्राच्या वाटेवर ती कोण सोडवणार होतं?

ओवायला कित्येक आठवडे लागत. त्यामुळे प्रोग्रॅम उड्डाणाच्या खूप आधी कायमचा ठरवावा लागे. या पक्केपणाचा फायदाही झाला. नोव्हेंबर १९६९ मध्ये अपोलो-१२ वर उड्डाणानंतर मिनिटभरातच दोनदा वीज पडली, पण ओवलेलं एक अक्षर पुसलं गेलं नाही.

फेब्रुवारी १९७१ मध्ये अपोलो-१४ च्या वेळी मात्र हाच पक्केपणा आडवा आला. चांद्रयान चंद्राभोवती फिरत असताना उतरणं रद्द करण्याच्या बटणातून खोटा संकेत येऊ लागला. तसाच उतरताना आला असता, तर संगणकाने यान आपणहून परत फिरवलं असतं. ओवलेला प्रोग्रॅम तर बदलता येत नव्हता. एमआयटीतल्या डॉन आइल्स या तरुणाने दोनेक तासांत तोड काढली. संगणकाच्या खोडता येणाऱ्या छोट्या स्मृतीत काही आकडे भरायचे, म्हणजे तो त्या बटणाकडे लक्षच देणार नाही. आकडे रेडिओवरून कळवले गेले, अंतराळवीरांनी ते एकेक कळ दाबून भरले. वॉल्थॅमच्या तारा होत्या तशाच राहिल्या आणि ५ फेब्रुवारीला यान चंद्रावर उतरलं.