बालवाडीचा दिवस कसा आखावा?



आम्ही दोघी बालवाडीचं काम करतो. तीन ते सहा वर्षांची पोरं आमच्याकडे येतात. त्यांचा दिवस कसा आखावा, हे आज सांगणार आहोत. तुम्ही म्हणाल, ते बाईंचं काम, आमचा काय संबंध? संबंध आहे. शेवटी सांगतो.

आधी आमची चूक सांगतो. एका गावात आम्ही बालवाडी काढली. वेळापत्रक लिहून भिंतीवर लावलं. सकाळी आठला प्रार्थना. मग बसून अंक. मग बसून अक्षरं. अकराला खाऊ, आणि सुट्टी. पहिल्या दिवशी बावीस मुलं आली. दहा दिवसांनी नऊ उरली.

आम्ही घरोघर गेलो. एक आई म्हणाली, "बाई, पोर उपाशी उठतं आणि तुम्ही त्याला गप बसवता. ते कसं बसंल?"

दुसऱ्या घरी नऊ वर्षांची मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभी होती. आम्ही विचारलं, "शाळेत का जात नाहीस?" ती म्हणाली, "शाळा अकराला भरती. तुमची अकराला सुटती. मग ह्याला कोण बघणार?"

आम्ही खाली मान घातली. आमच्या वेळापत्रकामुळे त्या मुलीची शाळा बुडत होती.

ही अडचण जुनी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला गावच्या मुलांसाठी बालवाडी सुरू केली. काही वस्त्यांतली मुलं येईनात. तेव्हा त्या आपण होऊन मुलांच्या अंगणात गेल्या. तीच अंगणवाडी. पुढे 1957 साली हे काम डहाणू तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे पाळणाघर, बालवाडी आणि शाळा यांची सांगड घातली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. मुलाचा दिवस बघायचा आणि शाळा त्याला जुळवायची, ही त्यांची रीत.

आम्हीही तसंच केलं. गावात बसून, आयांना विचारून नवा दिवस आखला. तो असा :

साडेदहाला ताई धाकट्याला घेऊन येते. हातपाय धुवायचे, नाक पुसायचं, केस विंचरायचे. लगेच मूठभर मुरमुरे आणि गूळ. पोटात पडलं की रडणं थांबतं. ताई मोकळी होऊन शाळेत जाते.

अकराला प्रार्थना, गाणी, गप्पा. वीस मिनिटं पुरे. लहान मूल त्याहून जास्त एका जागी बसत नाही.

मग तासभर हाताचं काम. चिंचोके मोजायचे. पानं लहानमोठी लावायची. मातीची भाकरी थापायची. हवं ते मुलानं उचलावं. काम झालं की वस्तू जागेवर ठेवावी. विकतचं सामान लागत नाही.

साडेबाराला हात धुवून जेवण. मग तासभर झोप. झोप न येणाऱ्यानं पडून राहावं.

उठल्यावर तोंड धुवायचं आणि अंगणात पळापळी. उन्हाळ्यात झाडाच्या सावलीत. शेवटी गोष्ट. मग आवराआवर, आणि साडेतीनला घरी.

यात दोन गोष्टी ध्यानात ठेवा. बसण्याच्या कामानंतर हलण्याचं काम, मग पुन्हा शांत काम. आणि क्रम रोज तोच. पोराला घड्याळ कळत नाही, पण क्रम कळतो. जेवणानंतर झोप, झोपेनंतर खेळ, गोष्टीनंतर आई. हे पक्कं झालं की भीती जाते. काम बदलताना आम्ही ओरडत नाही. ठरलेलं गाणं म्हणतो. गाणं ऐकलं की पोरं आपसूक आवरू लागतात.

नव्या दिवसानं मुलं परत आली. ती नऊ वर्षांची मुलगीही आता चौथीत बसते.

सरकारनं 2 ऑक्टोबर 1975 पासून अंगणवाडीची योजना सुरू केली. आज गावोगाव अंगणवाडी आहे. तिथली वेळ तुमच्या घराला जुळते का, ते बघा. जुळत नसेल तर ताईंशी बोला, ग्रामसभेत बोला.

आता तुमचा संबंध सांगतो. आमची बालवाडी साडेतीनला सुटते. शाळा पाचला सुटते. आया शेतातून दिवस मावळता येतात. मधला दीड तास लेकरांना कोण बघणार? घरोघरी आज्या आहेत, आजोबा आहेत. रोज दोघांनी पाळी घ्यावी. बालवाडीच्या ओट्यावर बसावं, जुन्या गोष्टी सांगाव्यात. एवढं झालं तर गावातली एकही मुलगी भावंडापायी शाळेला मुकणार नाही.

पाळीचा कागद आम्ही आणला आहे. तुम्ही आता लिहायला शिकला आहात. आपलं नाव आपल्या हातानं लिहा.