अंगठा चोखण्याची सवय आणि मोठे मूल

गर्भातच सुरू होणारी अंगठा चोखण्याची क्रिया ही तान्ह्या बाळाची स्वाभाविक गरज असून बहुतेक मुले ती 2 ते 4 वर्षांच्या दरम्यान आपसूक सोडतात. मात्र साधारण सहाव्या वर्षी कायमचे दात येऊ लागल्यावरही ती टिकली, तर वरचे पुढचे दात बाहेर झुकतात, टाळू अरुंद होऊ शकतो आणि दाढा मिटल्या तरी पुढे फट राहते, जिला दंतवैद्य ‘ओपन बाइट’ म्हणतात. पेरावर पडलेला घट्टा आणि इतर बोटांपेक्षा स्वच्छ दिसणारे नख यांवरून सवय किती खोल रुजली आहे, याचा अंदाज येतो.

सवय मोडण्यासाठी अंगठ्याला मिरची लावणे अघोरीच, कारण तोच हात डोळ्याला लागतो. चारचौघांत हिणवल्यास मूल लपून चोखू लागते. त्यापेक्षा टीव्हीसमोर, कंटाळा आल्यावर की झोपेपूर्वी अंगठा तोंडात जातो, हे मुलासोबत हेरून त्या क्षणी अंगठा आत घेऊन मूठ आवळण्याची ‘पर्यायी कृती’ त्याला शिकवावी, आणि न चोखलेल्या दिवसाची खूण त्यानेच दिनदर्शिकेवर करावी. झोपेतील चोखण्यासाठी, मुलाची तयारी असेल तर, सुती हातमोजा उपयोगी पडतो.

एवढ्यानेही सवय सुटली नाही, तर टाळूशी बसवायच्या तारेच्या साधनाचा विचार करता येतो. त्यासाठी पालकांनी बालदंततज्ज्ञांचा सल्ला वेळेवर घ्यावा.