खिडकी कां लागत नाहीं?

आषाढाची झड बसली, कीं घराघरांतून एक ओळखीचा आवाज ऐकूं येतो. कोणी तरी खिडकीची झडप ओढतो, ती चौकटीशीं अडते. मग तळहाताचा धक्का, मग खांद्याचा, आणि शेवटीं लांकडावर लांकूड आदळतें. तरीहि कडी कोयंड्यांत बसत नाहीं ती नाहींच. दुसऱ्या दिवशीं सुताराला बोलावणें जातें, रंधा फिरतो, खिडकी लागते आणि गृहस्थ निश्चिंत होतो. पुढें मार्गशीर्ष उजाडतो, कोरडा वारा सुटतो, आणि त्याच झडपेच्या कडेला फट पडून तींतून रस्त्यावरची धूळ घरांत येऊं लागते.

यांत सुताराचा दोष थोडा आहे. त्याला घासावयास सांगितलें, त्यानें घासलें. खिडकी कां लागत नाहीं, हें त्याला कोणी विचारलेंच नाहीं. वस्तुतः न लागणारी खिडकी हें रोगाचें लक्षण आहे, आणि तें चार निरनिराळ्या रोगांत आढळतें: लांकूड फुगणें, बिजागरी ढिली पडणें, चौकट कुजणें अथवा वाळवीनें पोखरणें, आणि भिंत हलणें. पहिल्या रोगाचा उपाय चौथ्याला केला, तर घरधनी एका मोठ्या संकटाची पहिली सूचना आपल्याच हातानें पुसून टाकतो.

झाड तोडलें तरी लांकडाची तहान जात नाहीं. हवा दमट झाली कीं लांकूड ओलावा शोषून फुगतें. हवा कोरडी झाली कीं तो सोडून आक्रसतें. लांबींत हा फरक नांवापुरताच असतो. रुंदींत तो भरतो. सागवान या बाबतींत पुष्कळच शांत, आणि खिडक्यादारांना तें पसंत पडतें याचें हें एक कारण आहे. तरीहि सागवानी फळ्या जोडून केलेल्या १८ इंच रुंदीच्या झडपेंतील ओलावा पावसाळ्यांत शेंकडा ५ नें वाढला, तर ती सुमारें एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, रुंदावूं शकते. पुष्कळ खिडक्यांत झडप व चौकट यांमधील मोकळी जागा याहून अधिक नसते. अशी झडप बहुधा सबंध कडेनें सारखी घासते व दिवाळीनंतर आपोआप सैल होते. तिला पावसांत रंधा लावणें म्हणजे हिंवाळ्यांतील फट विकत घेणें होय. अडणाऱ्या कडेवर मेणबत्ती किंवा साबण चोळून पावसाळा निभावून न्यावा, आणि कोरड्या दिवसांत झडपेच्या वरच्या व खालच्या कडांना रंग द्यावा. या कडा दिसत नाहींत म्हणून रंगाऱ्याच्या हातून नेहमीं सुटतात, आणि उभ्या लांकडाच्या उघड्या टोकांतूनच पाणी सर्वांत लवकर आंत शिरतें.

बिजागरीची परीक्षा याहून सोपी आहे. झडप अर्धी उघडून तिची मोकळी बाजू हातानें हळूच वर उचलावी. ती खुळखुळली, तर वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले झाले आहेत असें समजावें. अशी झडप खालच्या मोकळ्या कोपऱ्याशीं घासते, आणि बिजागरीच्या बाजूला वर फट दिसते. स्क्रू काढून भोकांत लांकडाची खुंटी ठोकावी व स्क्रू पुन्हा पिळावे. रंध्याची गरजच उरत नाहीं. चौकट वाजवून पाहिली असतां पोकळ आवाज आला, किंवा तिच्या कडेनें मातीच्या बारीक नळ्या चढलेल्या दिसल्या, तर शत्रु वाळवी आहे.

हें कांहींच आढळलें नाहीं, तर चौकटीचे दोन कर्ण सुतळीनें मोजावे. ३ फूट रुंद व ४ फूट उंच अशा चौकटीचे दोन्ही कर्ण बरोबर ५ फूट भरले पाहिजेत. पूर्वीं नीट लागणाऱ्या खिडकीचा एक कर्ण आतां लांब व दुसरा आंखूड भरत असेल, तर बहुधा भिंतीनें चौकटीला जागेवरून हलविलें आहे. मग नजर भिंतीकडे वळवावी. वरचा भार उघड्या जागेला वळसा घालून खिडकीच्या कोपऱ्यांशीं एकवटतो. म्हणून भिंत हलूं लागली, कीं तिरपी चीर बहुधा त्या कोपऱ्यांतूनच निघते.

दख्खनच्या काळ्या मातीवरील घरांत हा अनुभव विशेष येतो. या मातींत माँटमोरिलोनाइट जातीचें खनिज विपुल असतें. त्याच्या पापुद्र्यांमध्यें पाणी शिरलें कीं माती फुगते. उन्हाळ्यांत ती आटते व शेतांत खोल भेगा पडतात. पाया याच मातींत उथळ घातलेला असला, तर घराचा एखादा कोपरा दरवर्षीं किंचित् उचलला जातो व किंचित् खचतो. म्हणजे ऋतूप्रमाणें अडणारी प्रत्येक खिडकी लांकडाच्याच दोषानें अडते असें नाहीं. समुद्रकांठच्या शहरांत आणखी एक कारण आढळतें. खिडकीवरील काँक्रीटच्या तुळईंतील लोखंडी सळ्या खाऱ्या हवेनें गंजतात. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो, तुळई तडकते, तिचे पोपडे सुटतात आणि झडप वरच्या अंगाला अडूं लागते. तेथें रंधा फिरविणारा माणूस ढांसळूं पाहणाऱ्या तुळईखालींच उभा असतो.

चीर जुनी व थांबलेली आहे, कीं अजून वाढते आहे, हें ओळखण्याची एक जुनी युक्ति आहे. कांचेची अरुंद पट्टी चिरेवर आडवी ठेवून तिचीं दोन्ही टोकें सिमेंटनें भिंतीला पक्कीं बसवावीं व शेजारीं तारीख लिहावी. वर्षभरांत कांच अखंड राहिली, तर भिंत स्थिर आहे असें मानण्यास आधार मिळतो. कांच तडकली, तर जाणत्या माणसाला घर दाखविण्यास एक दिवसहि दवडूं नये. तोंपर्यंत छपराचें व न्हाणीचें पाणी पायाशीं मुरणार नाहीं एवढें तरी पाहावें.

ज्या श्रोत्यांच्या घरीं आज रात्रीं खिडकी अडेल, त्यांनीं धक्का देण्यापूर्वीं क्षणभर थांबावें. ती केव्हांपासून अडते, नेमकी कोठें अडते, आणि वर्षांतून किती दिवस अडते, या तीन प्रश्नांचीं उत्तरें एका कागदावर लिहून ठेवावीं. सुतार आला, कीं तो कागद आधीं त्याच्या हातीं द्यावा. आणि कर्ण चुकत असतील, तर सुताराऐवजीं गवंड्याला बोलवावें.