रौप्यमहोत्सव आणि चांदीचं एक नाणं

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेलं भाषण)



सेक्रेटरी म्हणाले, "रौप्यमहोत्सव आहे, तुम्ही चांदीच्या नाण्यांवर बोला. पण दहाच मिनिटं!" वेळ पाळायचा प्रयत्न करतो.

आपली भिवंडी कापडाची. दोन हजार वर्षांपूर्वीही या भागात कापडाचाच धंदा होता. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने 'पेरिप्लस' नावाचं पुस्तक लिहिलं. त्यात आपल्या शेजारच्या कल्याणचं आणि सोपाऱ्याचं नाव आहे. तगर, म्हणजे आजचं धाराशिव जिल्ह्यातलं तेर, इथून कापड गाड्यांत भरून भडोचला जायचं आणि तिथून गलबतांनी पश्चिमेला. बदल्यात रोमन सोन्याचांदीची नाणी यायची. भडोचला ती बदलून घेण्यात नफा होता, असं त्याने लिहून ठेवलंय.

त्याच काळात इथे क्षहरात क्षत्रप नहपानाचं राज्य होतं. त्याचं चांदीचं नाणं आपल्या नखाएवढं, वजन दोन ग्रॅमच्या आसपास. एका बाजूला राजाचा चेहरा, बाजूने दिसणारा, आणि भोवती ग्रीक अक्षरं. दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, भोवती ब्राह्मी आणि खरोष्ठी. एका नाण्यावर तीन लिप्या! आपल्या बिल्डिंगच्या नेमप्लेटांसारखंच म्हणा ना.

पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. त्याने ती नाणी वितळवली नाहीत. त्यांच्यावरच आपला तीन कमानींच्या डोंगराचा आणि उज्जैन चिन्हाचा ठसा मारला. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला अशा नाण्यांचा मोठा साठा सापडला. सुमारे १३,२५० नाणी, त्यातली नऊ हजारांहून जास्त पुन्हा ठसा मारलेली. कोण हरलं, कोण जिंकलं, याचा पुरावा तुमच्या तळहातावर मावतो.

असं एक नाणं माझ्याकडे होतं. आहे अजून, पण...

२६ जुलै २००५. तेव्हा आम्ही तळमजल्यावर राहायचो. पाणी कमरेपर्यंत आलं. मी आईला उचलून जिन्यात बसवलं. नाण्यांची पेटी दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी डोक्यावरून वर नेली. दोन रात्री आम्ही सहाजण त्यांच्याच घरी होतो. काकू प्रत्येकाला गरम पिठलं-भात वाढत होत्या. ते उपकार कसे विसरणार?

पेटी वाचली, पण पाणी आत शिरलं होतं. कोणतं नाणं कुठून घेतलं, वजन किती, हे लिहिलेल्या चिठ्ठ्यांचा लगदा झाला. नाणी काळी-मातकट दिसायला लागली. मग मी शहाणपणा केला. दंतमंजन घेतलं, जुना ब्रश घेतला आणि बसलो घासत. नाणं लखलखलं! बायको म्हणाली, "छान निघालं हो." पण सातकर्णीच्या ठशाखाली नहपानाच्या नाकाची जी पुसट रेघ होती, ती गेली. दोन हजार वर्षं टिकलेली रेघ मी दहा मिनिटांत पुसली. पुराने नाही, मी. हे आजवर काकांनाही सांगितलं नव्हतं.

त्यानंतर मी फोटो काढायला लागलो. महागडा कॅमेरा लागत नाही. चार बाटल्यांच्या झाकणांवर काच ठेवायची, तिच्यावर नाणं, खाली पांढरा कागद. मोबाईल पुस्तकांच्या थप्पीवर, म्हणजे हात हलत नाही. फ्लॅश बंद. टेबल-लॅम्प एका बाजूने, अगदी खाली धरायचा. शेजारी पट्टी ठेवायची. दोन्ही बाजूंचे फोटो, वजन आणि कुठून मिळालं ते त्याच दिवशी लिहायचं. मागच्या दिवाळीत तसंच दुसरं एक नाणं ठेवलं होतं. काकांची नात दिवा धरून होती. तिने दिवा जरा फिरवला आणि ओरडली, "आजोबा, डोंगराच्या खाली कुणाचं तरी नाक आहे!" माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पोरीला वाटलं, दिवा डोळ्यावर आला.

आता एक विनंती. तुमच्या देव्हाऱ्यात राणीछाप रुपया असेल, आजीच्या माळेतल्या पुतळ्या असतील. लक्ष्मीपूजनाला त्या चिंचेने, पावडरने घासू नका. साध्या पाण्याने धुवा आणि मऊ कापडाने टिपा. मोडीत काढण्याआधी निदान एकदा मला दाखवा. आणि गावाकडे खणताना जुनी नाणी सापडली, तर वाटून घेऊ नका, कलेक्टर कचेरीत कळवा. १८७८ पासून तसा कायदाच आहे.

रविवारी सकाळी मी क्लब हाऊसमध्ये काच आणि दिवा घेऊन बसेन. नाणं आणा, आणि ते घरात कुणी आणलं, कधी आणलं, ही हकीकतही आणा. फोटो मी काढतो, चिठ्ठी काकांची नात लिहील. तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे.