फायनल फाइल नेमकी कुठली?

(युवा कार्यकर्ता शिबिरातील भाषणाचा मजकूर)



शिबिरात आपण विचारांवर बोलतो, कार्यक्रमांवर बोलतो. मी आज फाइलींवर बोलणार आहे. विषय कोरडा वाटेल. पण एका फाइलीपायी मी एका बाईचा विश्वास गमावला, म्हणून बोलतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही पाच जणांनी आमच्या तालुक्यात एक छोटी पाहणी केली. तलाक झालेल्या बायकांना पोटगी मिळते का, मुलांच्या शाळेचं काय होतं, हे त्यांच्याच तोंडून ऐकून लिहून घेतलं. एका आपांनी सगळं मनमोकळं सांगितलं आणि उठताना म्हणाल्या, "भाई, माझं नाव-गाव लिहू नका हां. माझ्या भावाचं तिथं दुकान आहे." मी शब्द दिला. त्याच रात्री माझ्या लॅपटॉपवरच्या वर्ड फाइलीतून नाव आणि गाव काढलं.

पण तीच फाइल सकाळीच दोघांना व्हॉट्सॲपवर गेली होती. त्यांनी आपापल्या प्रतीत दुरुस्त्या केल्या. आठ दिवसांनी ग्रुपवर 'अहवाल फायनल', 'अहवाल फायनल २' आणि 'अहवाल फायनल नवीन' अशा तीन फाइली होत्या. जी छापखान्यात गेली तिच्यात शुद्धलेखन उत्तम होतं आणि आपांचं नाव गावासकट होतं.

प्रती परत गोळा केल्या, पण काही वाटून झाल्या होत्या. मी माफी मागायला गेलो. त्यांनी दार उघडलं, पाणी दिलं. त्यानंतर मात्र त्या आमच्याशी कधी बोलल्या नाहीत.

चूक कोणाची, यावर आम्ही दोन बैठका भांडलो. मग लक्षात आलं की ते शोधायची सोयच आमच्याकडे नव्हती. कोणी, कधी, कोणती ओळ, का बदलली, याची कुठेच नोंद नव्हती.

हा प्रश्न आपल्या भाषेला नवा नाही. प्रती वाढल्या की पाठभेद वाढतात. ज्ञानेश्वरीच्या प्रतींमध्ये असेच पाठभेद शिरले होते, म्हणून एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ साली, तिची शुद्ध प्रत तयार केली. आज हे काम संगणक करू शकतो. दोन फाइली शेजारी ठेवून कोणत्या ओळी वेगळ्या आहेत ते दाखवणारा 'डिफ' नावाचा प्रोग्राम १९७४ पासून आहे. फक्त त्याला मजकूर साधा लागतो.

साधा मजकूर, म्हणजे प्लेन टेक्स्ट, म्हणजे काय? नोटपॅडमध्ये लिहितो तो. त्यात फक्त अक्षरं असतात. फॉन्ट, रंग, समास काही नाही. मथळा, ठळक शब्द, यादी एवढं हवं असेल तर 'मार्कडाउन' नावाची सोपी पद्धत २००४ पासून आहे. ओळीच्या आधी # आणि एक मोकळी जागा दिली की मथळा. शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन फुल्या दिल्या की ठळक. पंधरा मिनिटांत शिकून होतं.

आपल्यासाठी यात एक जास्तीचा फायदा आहे. ज्येष्ठ कार्यकर्त्यांकडच्या जुन्या सीडी उघडून पाहा. मराठी पत्रकं, भाषणं, सगळं आहे. पण त्या काळच्या खास फॉन्टमध्ये टाइप केलेलं असल्यामुळे आज पडद्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. 'क' दिसायचा, पण फाइलीत 'क' नव्हताच, त्या जागी भलतंच अक्षर साठवलेलं होतं. युनिकोडमध्ये लिहिलेला साधा मजकूर कोणत्याही फोनवर, कोणत्याही संगणकावर तसाच उघडतो. म्हणून पहिला नियम: जे लिहाल ते युनिकोडमध्ये लिहा.

दुसरा नियम: एका ओळीत एकच वाक्य. वाक्य संपलं की एंटर दाबा. मार्कडाउनमधून छापताना त्या ओळी जुळून एक परिच्छेद होतो. पण बदल तपासताना नेमकं कोणतं वाक्य बदललं ते लगेच दिसतं. पूर्ण परिच्छेद एकाच ओळीत असेल, तर एक वेलांटी बदलली तरी संगणक सगळा परिच्छेद बदलला असं दाखवतो.

तिसरी गोष्ट 'गिट'. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी ते लिहिलं. जगभरचे कितीतरी लोक एकाच मजकुरावर काम करत होते, त्यांचे बदल जुळवायचे होते. आपण पाचच जण आहोत, पण अडचण तीच. गिटमध्ये प्रत्येक बदलासोबत नाव आणि वेळ आपोआप नोंदली जाते, आपण एक ओळ कारण लिहायचं. याला कमिट म्हणतात. कारण म्हणून 'दुरुस्ती' एवढंच लिहू नका. 'पान तीनवरचा आकडा बदलला, मूळ वहीत सतरा आहे' असं लिहा. सहा महिन्यांनी कोणी विचारलं, तर उत्तर तिथंच असेल.

दोघांनी एकच ओळ दोन तऱ्हांनी बदलली, तर गिट थांबतं आणि दोन्ही ओळी समोर ठेवतं. कोणाचं बरोबर हे ते ठरवत नाही. तुम्ही एकमेकांशी बोलून ठरवा, असाच त्याचा अर्थ. आमच्या वर्ड फाइली कधीच थांबल्या नाहीत. ज्याने शेवटी पाठवली, त्याची खरी, असंच चाललं.

हे फक्त प्रोग्रामरांचं काम नाही. वॉशिंग्टन डी.सी. शहराची कौन्सिल आपले कायदे गिटहबवर प्रसिद्ध करते. २०१८ मध्ये एका नागरिकाने त्यातली एक छापील चूक हेरली, तिथंच दुरुस्ती सुचवली आणि ती स्वीकारली गेली. गिटहबवर ब्राउझरमधूनच लिहिता येतं, आज्ञा पाठ कराव्या लागत नाहीत. फुकट खाजगी जागाही मिळते.

आता तुमच्या मनातला प्रश्न. आमचे चाचा लाल पेनानेच तपासतात, ते गिट कसं वापरणार? वापरू नयेत. त्यांनी कागदावरच तपासावं. तुमच्यापैकी कोणीतरी ते बदल टाइप करावेत. गिटमध्ये बदल कोणाचा आणि नोंदवला कोणी, ही दोन नावं वेगळी ठेवता येतात. चाचांच्या दुरुस्तीला चाचांचंच नाव राहू द्या. एखादीकडे लॅपटॉप नाही, म्हणून तिचं काम दुसऱ्याच्या नावावर जायला नको. आणि बैठकीत सगळ्यांनी एकदम लिहायचं असेल, तर इथरपॅड आहे. त्यात प्रत्येकाचा मजकूर वेगळ्या रंगात दिसतो आणि मागे जाऊन काय काय बदललं ते पाहता येतं.

तहसील कार्यालयाला वर्ड फाइल हवी असते. 'पॅनडॉक' हा फुकट प्रोग्राम साध्या मजकुरातून ती बनवून देतो. मोठे तक्ते, फोटो, पत्रकाची मांडणी यांत मात्र साधा मजकूर तोकडा पडतो. ते शेवटी, मजकूर पक्का झाल्यावर करा. त्यानंतर वाक्य बदलायचं झालं, तर आधी मूळ फाइलीत बदला.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे सगळं शिकल्यावर मला वाटलं, तेव्हा गिट असतं तर आपांचं नाव छापलं गेलं नसतं. ते अर्धंच खरं आहे. गिट काहीच विसरत नाही. आज पुसलेलं नाव कालच्या नोंदीत तसंच राहतं आणि ज्याच्याकडे प्रत आहे तो ते वाचू शकतो. इतिहास पुन्हा लिहायची सोय आहे, पण इतरांच्या संगणकावर गेलेल्या प्रती त्याने पुसल्या जात नाहीत. म्हणून नाव पहिल्या दिवसापासूनच फाइलीत येता कामा नये. आम्ही आता 'बाई १', 'बाई २' असं लिहितो. कोणता क्रमांक कोणाचा, ते कागदाच्या एका वहीत असतं आणि ती वही एकीच्याच कपाटात असते. गावाऐवजी फक्त तालुका लिहितो.

साधनं तुम्हाला कोणीही शिकवेल. पण कोणती गोष्ट नोंदवायची आणि कोणती कधीच नोंदवायची नाही, हे आपल्यालाच ठरवावं लागतं. लोक आपल्याला विश्वासाने सांगतात, तेव्हा तो मजकूर आपला नसतो. आपण तो फक्त सांभाळत असतो.

शिबिर संपायच्या आत एक काम करा. तीन-तीन जणांचा गट करा, या शिबिराचा एक पानाचा अहवाल साध्या मजकुरात लिहा. एका ओळीत एक वाक्य, प्रत्येक बदलाला कारण. आणि फाइलीचं नाव फक्त 'अहवाल' ठेवा. 'फायनल' हा शब्द त्यात नको.