शंकेचा कागद म्हणजे कॅन्सर नव्हे

(कुटुंब कल्याण मेळाव्यात जोडप्यांसमोर महिला वैद्यकीय अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



दोन मुलांत अंतर किती ठेवावे, तांबी केव्हा बसवावी, ऑपरेशन कोणी करून घ्यावे, हे आपण या मेळाव्यात नेहमीच बोलतो. आज बोलायचे आहे ते पिशवीच्या तोंडाच्या तपासणीविषयी. तुम्ही जोडीने आला आहात हे फार बरे झाले, कारण हा विषय एकट्या बाईचा नाही.

पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर एका रात्रीत होत नाही. त्याच्या मुळाशी एचपीव्ही नावाचा विषाणू असतो. तो शरीरसंबंधातून पसरतो आणि बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी गाठतो. बहुतेकांच्या अंगातून तो एक-दोन वर्षांत आपोआप निघूनही जातो. म्हणून कागदावर त्याचे नाव दिसले, तर एकमेकांच्या चालचलणुकीवर संशय घेऊन घरात भांडण लावू नका. ज्या बाईच्या अंगात तो वर्षानुवर्षे ठाण मांडतो, तिच्या पेशी हळूहळू बिघडू लागतात. त्यांचा कॅन्सर व्हायला बहुधा दहा-पंधरा वर्षे लागतात. तेवढ्यात बिघाड सापडला, तर साध्या उपचाराने तो थांबतो.

पेशी तपासतात कशा?

मऊ ब्रशने पिशवीच्या तोंडावरच्या थोड्या पेशी घेतात. जुन्या पद्धतीत त्या काचेवर पसरत. नव्या पद्धतीत ब्रश औषधी द्रवाच्या बाटलीत खळबळतात. प्रयोगशाळेत रक्त आणि चिकट स्राव बराचसा वेगळा करतात, पेशींचा पातळ थर काचेवर घेतात आणि सूक्ष्मदर्शकातून पाहतात. काच स्वच्छ दिसते आणि उरलेल्या द्रवातून विषाणूचीही तपासणी करता येते. हा मोठा फायदा. पण द्रवात पेशी सुट्या होतात, आकसून गोल होतात. एरवी शेजारच्या पेशींवरून जी ओळख पटते, ती इथे थोडी अवघड होते.

तुरीच्या डाळीत लाखेची डाळ मिसळली, तर लांबून दोन्ही सारख्याच. जाणती बाई दाणा हातात घेऊन त्याच्या कडा बघते. पेशींचेही तसेच आहे. पेशीत अंड्याच्या बलकासारखे एक केंद्रक असते. पेशी खरोखर बिघडली की हा बलक मोठा, गडद आणि खरबरीत होतो, त्याची कड सुरकुतते, भोवतालचा पांढरा भाग उरतो थोडाच. पण काही निरोगी पेशीही असेच सोंग घेतात.

सोंग घेणाऱ्या पेशी

पाळी कायमची गेलेल्या किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईच्या पेशी वाळल्यासारख्या लहान होतात. त्यामुळे आतला बलक मोठा वाटतो. मात्र त्याची कड गुळगुळीत असते. पाळी गेलेल्या बाईला शंका असल्यास डॉक्टर काही आठवडे लावायला मलम देतात आणि पुन्हा तपासतात. वाळलेल्या पेशी टवटवीत होतात, बिघडलेल्या तशाच राहतात.

तांबी असलेल्या बाईत कधीकधी एकट्यादुकट्या, मोठ्या बलकाच्या पेशी दिसतात. खऱ्या बिघाडात थोड्या बिघडलेल्या, जास्त बिघडलेल्या अशा सगळ्या पायऱ्या सापडतात. तांबीच्या पेशींत त्या नसतात. तांबीने कॅन्सर होतो हा समज खोटा आहे. कागदाला भिऊन तांबी काढून घेऊ नका, आधी विचारा.

सूज किंवा जखम भरून येताना पेशी मोठ्या होतात, पण चादरीसारख्या एकमेकींना धरून राहतात. काही जंतुदोषांत बलकाभोवती लहानसे कडे दिसते, ते विषाणूच्या खुणेसारखे भासते. त्यातला ट्रायकोमोनास हा जंतू असेल, तर औषध नवरा-बायको दोघांनीही घ्यायचे. एकट्या बाईने घेतले, तर दुखणे फिरून येते.

गरोदरपणातही पेशीत साखरेचा साठा होऊन असाच फसवा मोकळा भाग दिसतो. पाळीच्या दिवसांत पिशवीच्या आतल्या पेशींचे गडद पुंजके उतरतात, तेही फसवतात. म्हणून पाळी चालू असताना ही तपासणी करू नये.

तुमचे काम कोणते?

तपासणारा काच बघतो, बाईला बघत नाही. म्हणून नमुना देताना लाजू नका, सगळे सांगा: वय, शेवटची पाळी, बाळंतपण केव्हा झाले, अंगावर पाजता का, तांबी किती वर्षे आहे, अंगावरून पांढरे किंवा लाल जाते का. हे कागदावर लिहिले गेले, की निम्मा घोटाळा टळतो.

एवढे करूनही 'शंका' असा शेरा आला, तर त्याचा अर्थ इतकाच की तपास अजून पुरा झालेला नाही. डॉक्टर विषाणूची तपासणी करतील, काही महिन्यांनी पुन्हा बोलावतील किंवा दुर्बिणीतून पाहून लहानसा तुकडा तपासायला घेतील. नुसत्या शंकेच्या कागदावर कोणी पिशवी काढायला सांगितले, तर थांबा आणि सरकारी रुग्णालयात दुसरा सल्ला घ्या. बीड जिल्ह्यातील ऊसतोड भगिनींच्या पिशव्या काढण्याचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला होता, हे विसरू नका. आणि उलट बाजूही सांगते. 'काही होत नाही' म्हणून कागद फडताळात टाकणे हेही तितकेच घातक आहे. शंका घेतलेल्या काही बायांत खरा बिघाड निघतोच.

तपासणीने जीव वाचतो, हे आपल्याच मुलखात सिद्ध झाले आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात खेडोपाडीच्या १,३१,७४६ बायांचा अभ्यास झाला. त्याचा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला. ज्या गटाला एकदाच विषाणूची तपासणी देऊ केली, त्या गटात या कॅन्सरचे मृत्यू तपासणी न मिळालेल्या गटाच्या जवळजवळ निम्म्यावर आले.

लक्षात ठेवा

१. वय ३० ते ६५ असेल, तर दर पाच वर्षांनी तपासणीसाठी आरोग्य सेविकेला किंवा आशाताईंना विचारा. उपकेंद्रात आम्ल लावून डोळ्यांनी पाहण्याची सोपी पद्धतही वापरतात.

२. मुले न होण्याचे ऑपरेशन झाले, तरी पिशवीचे तोंड जागेवरच असते. तपासणी चुकवू नका.

३. संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त दिसले, तर तारखेची वाट न पाहता दवाखाना गाठा.

४. दादांनो, पुढच्या तपासणीला बाईला एकटी धाडू नका. एका दिवसाची मजुरी बुडेल, पण घरची लक्ष्मी राहील.

कागद आला, घाबरू नका. पुढची तारीख चुकवू नका!